झोपमोड

टिकली मांजर देवराव रामटेक्यांच्या घरात राहायची, पण ती देवरावांची आहे असं कोणी म्हटलं नसतं. वाटीत दूध ओतून ते तिथेच उभे राहिले, तर ती भिंतीकडे तोंड करून बसायची. ते आतल्या खोलीत गेले, की मग कुठे दूध चाटण्याचा आवाज यायचा. भाडेकरूसुद्धा घरमालकाशी इतकं तुटक वागत नाही.

मांजर साधनाबाईंचं. कपाळावर काळा ठिपका, म्हणून नावही त्यांनीच ठेवलेलं. देवराव चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडून दोघं भिलाई-३ मधल्या स्वतःच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा साधनाबाईंनी टिकलीला पिशवीत घालून, टेम्पोत मांडीवर धरून आणलं होतं. आता निवांत बसू, पोटभर बोलू, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. ठरवणं तेवढं झालं. पहिल्याच पावसाळ्यात साधनाबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या, आणि मागे उरले देवराव आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघणारं मांजर.

त्यांनी प्रयत्न कमी केले नाहीत. बाजारातून सुकट आणली, तळहातावर ठेवून अंगणात उकिडवे बसले. गुडघे बोलायला लागेपर्यंत बसले.

"टिकले, ये न व," ते म्हणायचे. "मी काही खाऊन नाही टाकत तुले."

टिकली कुंपणावर बसून रस्त्याकडे बघायची. शेजारच्या रुक्मानं एकदा हा तमाशा पाहिला आणि त्यापेक्षा कुत्रा पाळा, असा सल्ला दिला. देवरावांना राग आला. कुत्रा काय, भाकरी दाखवली की कोणाच्याही मागे येतो. त्यांना हीच हवी होती. साधनाबाईंचा हात जिच्या पाठीवरून रोज फिरला, तिच्या पाठीवरून आपलाही एकदा फिरावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढ्यासाठी हा धिप्पाड माणूस कधीकधी जेवणाच्या ताटावर रडायचा.

एका दुपारी ते खाटेवर नुसतेच पडले होते. डोळे अर्धे मिटलेले. टिकली उंबऱ्यावर आली. तिथे थबकली, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि मग भिंतीच्या कडेनं, एकेक पाय उचलत, मोरीकडे निघून गेली. ते चालणं देवरावांच्या ओळखीचं निघालं. त्यांच्या घरात सगळे असेच चालायचे.

रात्रभर इंजिन चालवून आलेला माणूस दिवसा झोपला नाही, तर पुढच्या फेरीत त्याच्या डोळ्यांसमोर लाल सिग्नल असूनही त्याला तो दिसत नाही. रेल्वेच्या वस्तीतल्या प्रत्येक घराला हे ठाऊक होतं. म्हणून देवराव ड्यूटीवरून आले, की साधनाबाई खिडकीला ओली चादर लावायच्या. शिट्टी होते म्हणून कुकर बंद, वरण पातेल्यात शिजायचं. पोरगी अपेक्षा रांगत होती तेव्हापासून दिवसा शेजाऱ्यांकडे असायची. मोठी झाली तशी स्वतःच चपला हातात घेऊन घरात यायला शिकली. एकदा तिनं पाढे मोठ्यानं म्हटले, तेव्हा देवरावांनी उठून तिची पाटी अंगणात भिरकावली होती. टिकली पिल्लू असताना खाटेखाली ओरडली, तेव्हा तिला डबा फेकून मारला होता. दोघींनाही पुन्हा सांगावं लागलं नाही.

मांजर माणूसघाणं नव्हतं. त्याला वळण लावलं होतं, आणि ते देवरावांनीच लावलं होतं. हे कळल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. वळण लावलेलं मोडायचं कसं, हे सांगणारी बाई आता नव्हती.

साधनाबाईंना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला अपेक्षा बिलासपूरहून आली. बिलासपूर काही सातासमुद्रापार नाही, सकाळी गाडीत बसलं की जेवायला माणूस घरी पोचतो. तरी ती वर्षानं आली. बरोबर तिची मुलगी, उत्कर्षा. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. देवरावांच्या मनात होतं, आज पोरीजवळ बसायचं, तिच्या आईबद्दल बोलायचं. पण बोलायची सवय नव्हती. शब्द जुळवावेत म्हणून ते थोडा वेळ आतल्या खोलीत जाऊन पडले.

बाहेरच्या खोलीतून घुरघुर ऐकू आली. त्यांना आधी कळेचना. मग कळलं, टिकली घुरघुरते आहे. दाराच्या फटीतून दिसलं, ती उत्कर्षाच्या मांडीत पोट वर करून पडली होती, आणि अपेक्षा तिच्या गळ्याखाली बोट फिरवत होती, अगदी आईसारखं. उत्कर्षा खिदळत होती. या घरात हा आवाज पहिल्यांदाच होत होता.

"मम्मी, ही आजोबांजवळ कावून नाही जात?"

"हळू बोल," अपेक्षा म्हणाली. "आजोबा झोपले हायेत. तिले समजते ते."

हसणं थांबलं. देवराव कोपरावर उठले. एवढं वाक्य आज बोलायचंच होतं.

"अपेक्षा, मी जागा हाओ न व."

टिकली मांडीवरून उतरून नाहीशी झाली. अपेक्षा घाईनं उठली, तिच्या चेहऱ्यावर लहानपणीची तीच भीती होती.

"झोपमोड झाली काय, बाबा? पडा तुमी. आता नाही होणार आवाज."

तिनं दार हलकेच ओढून घेतलं, कडी वाजू नये म्हणून बोटानं धरून. मग चपला हातात घेऊन दोघी अंगणात गेल्या, आणि देवराव अंधारलेल्या खोलीत, सांगितल्याप्रमाणे, डोळे मिटून पडून राहिले.