मोडलेली छाट आणि माझी आई

शेवंताआक्कांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा शाळकरी होते आणि मला त्यांचा राग आला होता. निपाणीतल्या आमच्या गल्लीत विडी कामगार बायकांची बैठक होती. "मजुरी बुडंल" म्हणून माझ्या बक्षीस समारंभाला न आलेली आई तिथे पुढेच बसली होती. कामगार संघटनेच्या पुढारी असलेल्या आक्का थोडे मराठीत, थोडे कानडीत बोलत होत्या. आई त्यांच्याकडे जशी पाहत होती, तशी घरात कुणाकडेच पाहत नसे. आक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना हे आधी सांगितलेले बरे.

वळलेल्या विड्या दुकानात नेल्या की तपासनीस काही खराब म्हणून बाजूला काढी. ती छाट. तिची मजुरी मिळत नसे आणि मालही परत मिळत नसे. मालक तो विकून टाकी. एकदा आक्का बायकांबरोबर दुकानात गेल्या आणि तपासनिसाला म्हणाल्या,

"ह्या वाईट हाईत न्हवं?"

"व्हय, आक्का."

"मग मोड आमच्या म्होरं. का वाईट इड्यांचं गिऱ्हाईक हाय रं तुझ्याकडं?"

बायका हसल्या. त्याचा हात उचलेना, तेव्हा आईने छाटीचे सूप ओढले आणि स्वतःची छाट चुरून टाकली. पुढे तिथे छाट बायकांसमोरच मोडली जाऊ लागली, आणि मग ती आपोआप कमी निघू लागली.

घरात दबकून बोलणारी माझी आई! मी बेळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, मजुरीवर तासन्‌तास बोलते. आईला असे उभे करणे मला जमले नसते.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. मला कळण्याआधी आक्का आंबील घेऊन पोचल्या होत्या. मी आईला म्हटले, "आता पुरे. बेळगावला चल."

"तितं मी नुसती तुजी आई. हितं कामगार हाय."

मी आक्कांकडे गेले. "तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकेल."

"ऐकंल की गं," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर सांगत न्हाय."

घरी येऊन मी डायरीत 'अहंकार' असा शब्द लिहिला, मग खोडला. कुणाचा, ते ठरेना. एवढा अधिकार हाती असून तो न वापरणे मला साधले असते का, याचे उत्तर मात्र मला ठाऊक आहे. म्हणूनच आक्कांचा हेवा अजून जात नाही.

आक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही मनापासूनची इच्छा. हे सारे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माजंबी आयुष्य आक्कास्नी लागू दे, असं लिव्ह."

लिहिले आहे. तेवढ्याला माझी संमती नाही.