बरणीतली माती

देवासच्या आमच्या कॉलेजात मातीच्या प्रयोगशाळेत एक काका कामाला होते. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. वाळत घातलेल्या मातीजवळ जाताना ते चपला काढायचे, त्यातली मुळं बोटांनी वेचायचे आणि मग लाकडी हातोडीनं ढेकळं हलकेच फोडायचे. आम्ही पोरं त्यांच्या चपला काढण्याला हसायचो; ते मात्र आम्हाला 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे.

एकदा कपाट आवरताना मी जुने नमुने बादलीत ओतत होतो. काकांनी एका बरणीवर हात ठेवला.

"ही राहू द्या, भिया."

"जुनी झालीय, काका. तिथून पुन्हा आणू की."

"कुठून आणाल? तिथं आता गोदाम झालंय. वरची सगळी माती ट्रॉलीत भरून नेली." मग बरणीकडे बघत म्हणाले, "आमचंच शेत होतं ते. हा नमुना मीच काढून आणला होता."

मी बादली बाजूला ठेवली. बरणीवरची चिठ्ठी फाटली होती, म्हणून मी नवी लिहायला घेतली. 'जमिनीचा वापर' या रकान्यात 'गोदाम' लिहिणार, तोच ते म्हणाले,

"सोयाबीन लिहा, भिया. हिला अजून कुठं ठाऊक आहे?"

मी सोयाबीन लिहिलं. मग बूट काढले आणि बरणी कपाटात परत ठेवली.