भरल्या रेंजला भिणारे आकडेभाऊ

रेंज गेली की जग घाबरतं; आमचे आकडेभाऊ रेंज भरलेली दिसली की घाबरायचे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाचही दांड्या उभ्या राहिल्या की त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

मी तेव्हा कामरगावच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. आमच्याकडे हृदयाचे डॉक्टर नव्हते. भाऊ तिथले तंत्रज्ञ; ते ईसीजी काढून लॅपटॉपवरून अमरावतीला पाठवायचे, आणि तिकडचे डॉक्टर सांगतील तसे उपचार व्हायचे.

पण त्या लॅपटॉपचा वायरलेस ड्रायव्हर, म्हणजे रेंज दाखवणारं सॉफ्टवेअर, पक्का खुशमस्कऱ्या. सिग्नल असो-नसो, दांड्या पाचच. म्हणून भाऊ दर वेळी पडद्यावर एक काळी खिडकी उघडून पाठवण्याच्या वेगाचा आकडा बघायचे. बहात्तर दिसला की जीव भांड्यात, एकवर आला की चेहरा पांढराफटक. पानठेल्यावरचे टवाळ विचारायचे, भाऊ, आज कोणता आकडा लागला? एकदा मीही हसले, तेव्हा भाऊ म्हणाले, "ताई, दांड्या काहीबी दाखवतेत. आपलं तिकडं पोचून राह्यलं का नाही, ते हा आकडा सांगते."

एवढ्यावर भागत नसे. अमरावतीला फोन लावून ते तिकडे पोचलेल्या ईसीजीवरचं रुग्णाचं नाव त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. तिकडचा सहायक वैतागायचा. मलाही वाटायचं, माणूस भित्रा आहे झालं.

मग एका सकाळी माझ्या बाबांनाच आणलं. मेथी उपटता उपटता ते वाफ्यात बसले होते. हात छातीवर, अंग घामानं थंडगार. भाऊंनी ईसीजी पाठवला. दांड्या पाच. मी बाबांचा हात धरून त्या दांड्यांकडे बघत होते आणि स्वतःला समजावत होते, जातंय, आता उत्तर येईल.

भाऊंनी आकडा पाहिला. एक. लॅपटॉप उचलून ते रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात पळाले. आमचं नेट तिथल्याच वायफायच्या पेटीतून यायचं. दवाखान्याच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती, कानाला फोन. मग तिथूनच आवाज आला, "ताई, पोचलं. त्यायनं नाव वाचलं."

बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी मी भाऊंसाठी टोपलीभर वांगी घेऊन गेले, तर भाऊ राजीनामा लिहीत बसलेले. मला चेष्टाच वाटली. पण त्यांचे डोळे भरले होते.

"तुमच्या बाबाच्या वक्ती मी पयले दांड्याच पायल्या ताई. अर्धा मिनिट. भरल्या दिसल्या, बरं वाटलं मले. कायले पायल्या असतीन? आता या खुर्चीत बसवत नाही."

खूप समजावलं, ऐकलं नाही. महिनाअखेर ते रिसोडजवळच्या आपल्या भाजीच्या मळ्यात परतले. मीही लग्न होऊन वाशीमला आले. भाऊंच्या खुर्चीत नवा माणूस आला, हुशार आणि हसतमुख.

मागच्या महिन्यात त्याच दवाखान्यातून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. बाबांची छाती पुन्हा दुखत होती. "घाबरू नको ताई, ईसीजी पाठवून राह्यले. रेंज फुल हाये."

मी आकडा विचारला. कोणता आकडा, ते ना त्याला कळेना, ना त्या नव्या माणसाला. शेवटी मी म्हटलं, "काही इचारू नको. लॅपटॉप उचल अन् समोरच्या दुकानात पय."

बाबा याही वेळी वाचले. पण ज्यांच्या घरचं कोणी आकडा विचारत नाही, ते त्या पाच दांड्यांकडे बघत किती वेळ बसून राहत असतील, या विचारानं आता मलाही भरल्या रेंजची भीती वाटते.