धर्माजीच्या केसरचा नवस

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत रहाट ओढणारे बैल पुष्कळ होते, पण दमल्यावर हक्काने उभा राहणारा एकच, धर्माजीचा. तो थांबला की धर्माजी शेजारी बसून विडी ओढी.

"पोफळी वाळतील रे," वाडीचे मालक चिडत.

"थकलाय तो," एवढंच उत्तर.

बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून घरी तो आणि त्याची मुलगी केसर. केसर शाळेत माझ्या हाताखाली तिसरीत शिकत होती. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची. बासष्ट सालच्या थंडीत तिला घटसर्प झाला. अलिबागच्या डॉक्टरांनी सुई टोचली, घशातला करडा पडदा सुटला, ती पेज प्यायला लागली.

डॉक्टरांनी धर्माजीला बजावलं, "जंतू घशातच राहतो, पण त्याचं विष रक्तातून हृदयात जातं. शरीरातली पेशी रोजची झीज स्वतः भरून काढते, ते काम हे विष बंद पाडतं. एकदा पेशीत शिरलं की सुईचा उपयोग नाही. पोर बरी दिसेल, पण हृदय दुबळं आहे. महिनाभर उठवायचं नाही."

"म्हंजे बैल थकलाय. जुपाचा न्हाय," धर्माजी म्हणाला.

पण त्याची बहीण मनुबाई चौलच्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलली होती: पोर वाचली, तर पुनवेला आपल्या पायांनी चढून येईल. महिना भरायच्या आतच पुनव आली, तेव्हा केसर अंथरुणात बसून आत्याच्या चालीची नक्कल करत होती.

"ही आजारी दिसते व्हय?" मनुबाई म्हणाली. "देवीनं दिली, नि तू डाक्तरचा ऐकतोस. तिनं परत न्हेली तं?"

तिथे धर्माजी घाबरला. त्याने डॉक्टरांचं आणि देवीचं, दोघांचंही राखलं. केसरला खांद्यावर घेऊन तो टेकडी चढला आणि देवळासमोरच्या शेवटच्या पायऱ्यांपाशी तिला उतरवलं.

"बाबा, तुमीच दमलाव," ती हसली.

"हलू चाल, बाय."

इतके दिवस निजून राहिलेली पोर, ती पळाली. उंबऱ्याला हात लावला आणि तशीच आडवी झाली. गुरवाला वाटलं, लोटांगण घालतेय. त्याने कौतुकाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ती उठली नाही.

मागून चढून आलेली मनुबाई रडता रडता म्हणाली, "नवस तरी फिटला, दादा."

धर्माजीने केसरला उचलून खांद्याशी धरलं. उतरताना वर येणाऱ्या एका बाईने विचारलं, "दमली काय पोर?"

"व्हय," धर्माजी म्हणाला. "दमली."