अक्काची सव्वा मूठ

अक्का पहिला प्रश्न एकच विचारायची, पायाचा नंबर काय? कोणाचा पोरगा जेलात गेलेला, कोणाचा नवरा, घरात रडारड चाललेली, चूल थंड, आणि ही बाई दारात येऊन टेकायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "त्याच्या पायाचा नंबर काय?" नव्या माणसाला वाटायचं हिचं डोकं फिरलं. पण आमच्या धुळ्याच्या बाजूला ज्यांच्या घरचं कोणी आत गेलं ते सगळे ओळखतात तिला. सुटायच्या दिवशी ती जेलाच्या गेटासमोर लिंबाखाली उभी असायची, पिशवीत नवी कोरी चप्पल घेऊन. सुटलेल्यानं ती घालायची, जुनी तिथंच सोडायची, मगच रिक्षात बसायचं. "जुनी चप्पल जुन्याच वाटेला नेते," म्हणायची.

आमच्या घरी ती आली तेव्हा माझा दादू दोन महिन्यांचा होता. मिरवणुकीत नाचण्यावरून भांडण झालं, मधल्या गल्लीचा सागर आणि आमचे हे, आणि ह्यांच्या हातात सुरा कुठून आला ते मला आजपर्यंत माहीत नाही, सागरच्या उजव्या हाताची शीर कापली गेली आणि पहाटे पोलीस दारात. मी तेव्हापासून दार वाजलं तरी दचकायची, फोन वाजला तरी दचकायची, कुकरची शिट्टी झाली तरी पोराला छातीशी धरायची. अक्कानं विचारलं, नंबर काय? मला माहीतच नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली, पोर मांडीवर, आणि नवऱ्याचा पाय केवढा ते माहीत नाही. मी लाजेनं पलंगाखालून लग्नातला बूट काढून दाखवला, त्यावर नऊ लिहिलेलं. अक्कानं मान हलवली. तो बूट चुलतदिराचा होता आणि ह्यांनी लग्नात पुढं कापूस कोंबून घातलेला, हे मला पुढं कळलं. ते येईलच.

पोरांची भांडणं मिटवायच्या कामाला तिला एका संस्थेनं नेमलेलं, त्यांनी एक निळी फाईल दिलेली, पोरांची नावं, कोण कुठं भांडला, कोण सुटला, सगळं भरायचं. अक्का त्या फाईलीनं चुलीला वारा घालायची. संस्थेचे साहेब तपासायला आले तर फाईलीला वांग्याचं जळकं साल चिकटलेलं. साहेब म्हणाले, "अक्का, हे काय?" अक्का म्हणाली, "साहेब, बठ्ठं शे त्याच्यात, सगळं. वास घ्या." साहेब पण हसले. पण पोरं तिला पाठ होती. कोणाचा बाप पितो, कोण शाळा सोडून पानटपरीवर बसतो, कोणाच्या खिशात आज काय आहे. खिशातलं ती मागायची नाही. "भूक लागली असंल, बस," म्हणायची, आणि जेवायला मांडी घातली की खिशातलं टोचतं म्हणून पोरगा आपणच काढून बाजूला ठेवायचा, आणि मग अक्का त्यावर ताट ठेवायची.

श्रावण आला. कानबाई आमची श्रावणातली देवी, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आमच्याकडं मोजून घेतात, घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची, त्याच गव्हाचे रोट, ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही. सासूबाई मोजत होत्या. मोठे दीर, त्यांचा मुलगा, माझा दादू. आणि हात थांबला. म्हणाल्या, "यंदा त्यानी मूठ नही." म्हणजे त्याची मूठ नाही. मला वाटलं झालं, ह्यांना मेल्यातच जमा केलं सासूबाईंनी, आता सुटून आले तरी घर कुठलं, आणि मी या पोराला घेऊन कुठं जाऊ, शिंदखेड्याकडं माहेरी भाऊ एक दिवस ठेवंल, दोन दिवस ठेवंल. अक्का नेमकी पाणी प्यायला थांबलेली. ती सासूबाईंना म्हणाली, "माय, कानबाई इचारी, एक मूठ कमी का शे? तू काय सांगशी?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यानी मना तोंडले काळं फासं."

"मग तोंड धू," अक्का म्हणाली. "मूठ कसाले आखडस?"

सासूबाईंनी सूप पुढं ओढलं. मग मूठ भरली, आणि सव्वा मुठीची दीड झाली. मी तोंडात पदर कोंबला.

हे दिवाळीनंतर सुटले. मी गेटावर गेली दादूला घेऊन. खरं सांगते, मला नवरा सुटायची पण भीती वाटत होती. तो कसा असंल, रागात असंल का, पोर त्याला ओळखंना तर. अक्कानं पिशवीतून चप्पल काढली, नऊ नंबर. ह्यांनी घातली तर पाय आत पोहायला लागला. यांचा नंबर सात! चालले की फटाक फटाक. अक्का हसून हसून लिंबाला टेकली. मी मेल्याहून मेली. तर म्हणते, "राहू दे वं. मोठी चप्पल बरी, पळता येत नाही."

रिक्षात मी तिला विचारलं, अक्का, तुम्ही हे कधीपासून करता? तिनं बाहेर बघत सांगितलं, "माझा भाऊ सुटला त्या दिवशी मी कापूस वेचत होती. मजुरी बुडंल म्हणून गेली नाही. त्याला घ्यायला दुसरेच आले, ज्यांच्यापायी तो आत गेलेला." तेवढंच.

घरी सोडून जाताना तिनं मला दारामागं घेतलं. "ऐक. तो कधी रागानं उठला तर ओरडू नको, हात धरू नको, पायात पडू नको. पोर हातात दे. पोर हातात असलं की माणसाला दुसरं काही धरता येत नाही."

महिना पण झाला नसंल. दिवेलागणीला गल्लीत दोन गाड्या आल्या, सागरच्या दोस्तांच्या, दारासमोर रेस देतात आणि म्हणतात, "काय रे, सुटला का? बायकोच्या पदराखाली बसला का?" हे जेवत होते. ताट सरकवलं. कोपऱ्यात वेल्डिंगच्या कामाची लोखंडी पट्टी होती, ती उचलली, दारातली चप्पल पायात सरकवली आणि निघाले. सासूबाईंनी किंकाळी फोडली. मला वाटलं आता गेलं सगळं, परत ते गेट, परत तो लिंब, आणि उंबऱ्यावर ह्यांची चप्पल निसटली. फटाक. मोठी ना ती. हे वाकले ती घालायला, तेवढ्यात मी दादूला उचललं आणि ह्यांच्या दोन्ही हातांत कोंबलं. पट्टी खाली पडली. दादूनं पप्पांचं नाक धरलं. हे दारात तसेच उभे, एका पायात चप्पल, कडेवर पोर. गाडीवरच्या पोरांनी दोनदा रेस दिली, वाट बघितली आणि गेली. हे मग खाली बसले आणि पोराच्या डोक्यात तोंड घालून रडले. मी ती पट्टी ओढत नेऊन मोरीत टाकली.

अक्काला सकाळीच कळलेलं. तिला कोण सांगायचं देव जाणे. रागावली नाही. म्हणाली, "रविवारी भरीत करू." तिची भरिताची रीत ठरलेली, ज्या दोन गल्ल्यांचं वाकडं त्यांनाच बोलवायचं. एकीनं वांगी आणायची, दुसरीनं ती भाजायला कपाशीच्या काड्या. वांगी कच्ची खाता येत नाहीत आणि काड्या तर नाहीतच. आमच्या गल्लीकडं वांगी, मधलीकडं काड्या. सागर आला. त्याची उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हती. वांगी भाजली, सोलली, आणि लाकडी बडगीत ठेचायची वेळ आली तर सागरनं दांडा उचलला आणि तो त्याच्या हातातून घसरला. ह्यांनी उठून दांडा घेतला आणि ठेचायला लागले, खाली मान घालून, इतकं ठेचलं की अक्का म्हणाली, "पुरे, त्याचं पाणी करशी का?" सागरनं डाव्या हातानं मीठ टाकलं. चाखलं. आणि म्हणाला, "मिरची कमी शे."

हे म्हणाले, "टाकू का अजून?"

"टाक ना भो."

एवढंच बोलणं झालं. मैत्री वगैरे काही नाही, उगाच कशाला सांगू. पण त्या गाड्या परत आल्या नाहीत. आणि मी भाकरी वाढताना सागरच्या ताटात दोन जास्त टाकल्या, त्यानं एक परत ठेवली, एक खाल्ली.

उन्हाळ्यात अक्काचे गुडघे गेले आणि लेक तिला पाचोऱ्याला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, अक्का, मला नाही जमणार, मी सातवी शिकलेली, मला तर कुकरची भीती वाटते. म्हणाली, "म्हणूनच. भिणाऱ्या बाईला आत गेलेल्याच्या घरचं लवकर कळतं." आता गेटावर मी उभी असते. अजून छाती धडधडते. पण उभी असते. बूट दाखवला तर मी आधी विचारते, हा त्याचाच ना?

यंदा कानबाईचे गहू मोजताना सगळ्यांची नावं झाली, यांची पण, आणि हे म्हणाले, "आई, अक्काची मूठ." सासूबाई बघतच राहिल्या. बाईमाणूस, त्यात भाऊबंदातली नाही, असं कोणी करत नाही. सासूबाईंनी सुपात हात घातला, मूठ भरली, अक्काचं नाव घेतलं आणि टाकली, वर पाव मूठ. म्हणाल्या, "रोट घरना बाहेर जात नही. तिले घर बलाव."

मग हे माझ्याकडं वळले. "अक्काच्या पायाचा नंबर काय?"

कोणालाच माहीत नव्हता. सगळ्या गल्लीत विचारलं, कोणालाच नाही. शेवटी अंदाजानं आणली.

सोमवारी हे एसटी स्टँडवर उभे होते, हातात पिशवी. मी दादूला घेऊन शेजारी. अक्का पाचोऱ्याच्या गाडीतून एकेक पायरी धरत उतरली आणि यांनी खाली बसून तिच्या पायाशी चप्पल ठेवली. अक्कानं पाय घातला, हलवून बघितला.

"मोठी शे रे."

हे म्हणाले, "मोठी बरी, अक्का. पळता येत नाही."