नळावरची चौथी जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, बहिणीला नाही. देवापुढं बसले की ओठांपर्यंत येतं आणि तिथंच अडतं — देवाला काय, ठाऊकच असेल, असं म्हणून मी उठते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. माहेरी चार ओळींचं पत्र धाडण्यापलीकडं मी कधी काही लिहिलं नाही. पण बोलायला माझी जीभ मुळातच उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून.

गोष्ट नळाची आहे. हसाल कदाचित. नळावरची भांडणं ही काय सांगायची गोष्ट? पण आमच्या नळावर भांडणं होत नव्हती — तेच तर सांगायचं आहे.

सोलापुरात मिलच्या मागच्या बाजूला आमचा बोळ. घरात सासूबाई, हे, लग्नाची नणंद आणि मी. हे मिलमध्ये कारकून. बोळात सगळी मिळून एकोणीस बिऱ्हाडं, काही कारकुनांची, काही तेलुगू विणकरांची, आणि एकोणीस घरांना म्युनिसिपालटीचा एक नळ. मी सांगते त्या साली पाऊस झालाच नव्हता. फाल्गुनातच नळाची धार करंगळीएवढी झाली. उजाडताना पाणी यायचं, तासाभरात जायचं. पहिल्या बारा-तेरा घरांना पुरायचं. उरलेल्यांनी माळावरच्या विहिरीवर जायचं, आणि तिथून घागर घेऊन परत यायला ऊन चढायचं.

अशा नळावर रोज डोकी फुटायला हवी होती की नाही? फुटत नव्हती. बोळाच्या तोंडाशी आक्का म्हणून एकट्या म्हाताऱ्या बाई राहत. त्यांनी एक रीत घालून दिली होती. दिवेलागणीला प्रत्येकीनं आपली खूण नळापासून ओळीनं ठेवायची, जी जशी येईल तशी. आक्कांचा अर्धा वरवंटा, मालनबाईंचं बूड गेलेलं पातेलं, माझी चुना लागलेली वीट. राजव्वाची खूण म्हणजे मोडका धोटा — तिचा नवरा घरी मागावर लुगडी विणायचा, त्यातला. खूण ठेवायची आणि घरी जायचं. सकाळी ज्या जागी खूण, त्या जागी घागर. दुसरीच्या खुणेला हात लावायचा नाही. आणि खोटं सांगून कोणी पुढं घुसली तर आठ दिवस तिची खूण ओळीत नाही. बस. ना शिपाई, ना कागद. रात्रभर त्या विटा आणि मडकी रस्त्यावर बेवारशासारखी पडलेली असत, आणि सकाळी एकही तसूभर हललेली नसे.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं. मालनबाईंसारख्या खणखणीत आवाजाच्या बाईला ओळ कशाला हवी होती? ती नुसती ओरडली असती तरी तिची घागर भरली असती. ओळ हवी होती ती आक्कांना, कारण त्यांना ढकलाढकली झेपायची नाही. राजव्वाला हवी होती, कारण तिला मिलात सुताच्या कांड्या भरायला जावं लागे आणि दुसऱ्या भोंग्याला फाटक बंद होई. आणि मला. चार बायांत मला ‘सरका’ असं म्हणता येत नाही. ती वीट माझ्यासाठी बोलायची. माझ्याइतका त्या रीतीचा आधार कोणाला होता?

— आणि मीच.

त्या दिवशी संध्याकाळी मला उशीर झाला. नळासमोरच्या ओट्यावर मिलची माणसं गप्पा मारत बसली होती. त्यांच्यापुढून जायला मला लाज वाटली. आता उठतील, मग उठतील, करत मी दाराआड वीट धरून उभी राहिले. ती उठली तेव्हा मी गेले. अठरा खुणा आधीच लागल्या होत्या. माझी एकोणिसावी.

दुसऱ्या दिवशी नणंदेला बघायला बार्शीहून पाहुणे यायचे होते. सासूबाईंनी तीनदा बजावलं होतं, “उद्या घरात पाणी कमी पडलं तर माझ्याशी गाठ आहे.” एकोणिसावी जागा म्हणजे विहीर. विहीर म्हणजे पाहुणे दारात आणि सून रस्त्यावर. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगते आहे.

पहाटे सडा घालायला उठले. बोळात कोणी नव्हतं. मी नळाशी गेले, माझी वीट उचलली. राजव्वाचा धोटा चौथ्या जागी होता. तो काढला, तिथं वीट ठेवली, आणि धोटा नेऊन शेवटी ठेवला. धोटा अगदी हलका होता. नंतर मी सडा घातला, रांगोळीही काढली. चार बोटांची नव्हे, मोठी.

उजाडताना सगळ्या घागरी घेऊन आल्या. राजव्वा सरळ चौथ्या जागेवर आली आणि थांबली.

“माजा धोटा हितं होता की वो.”

“कुटं?” मालनबाईंनी विचारलं.

“हितं वो. तुमच्या पातेल्याच्या मागं. मी काल हातानं ठेवलं बगा.”

“मला काय पाठीला डोळं हायत? मी ठिवलं आन् गेले.”

कोणीतरी शेवटी पडलेला धोटा दाखवला. मालनबाई म्हणाल्या, “मागावर पळतोय तसा हितंबी पळाला व्हय गं?” सगळ्या खो खो हसल्या. राजव्वाला मराठी घाईत नीट जुळायचं नाही. ती मधेच तेलुगूत काही बोलू लागली, तशा आणखी हसल्या.

आक्कांनी सगळ्यांना गप्प केलं. मग माझ्याकडं वळल्या. “पोरी, ही वीट तुझी ना? काल हितंच ठेवली होतीस?”

मी मान हलवली. होय म्हणून.

एवढंच. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. खोटं बोलायला बोलावं लागतं असं मला तोवर वाटायचं.

“झालं तर,” आक्का म्हणाल्या. “ह्या पोरीच्या तोंडून कधी मोठा शब्द ऐकलाय का कुणी? ती कशाला खोटं सांगंल? राजव्वा, आठ दिवस खूण ठेवू नकोस गं बाई. सगळ्यांना एकच रीत.”

“मी खोटं न्हाई वो आक्का,” राजव्वा म्हणाली. “देवाशप्पत न्हाई.”

तिनं धोटा उचलला, पदरात घेतला आणि विहिरीकडं गेली. मी माझ्या पाळीला दोन घागरी आणि एक कळशी भरली. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, पाणी पुरून उरलं. स्थळ जमलं नाही, पण त्यात पाण्याचा काही दोष नव्हता.

राजव्वाला त्या दिवशी मिलचं फाटक बंद मिळालं. आठ दिवसांत असं चारदा झालं, आणि मुकादमानं तिचं नाव काढून टाकलं. हे मला ह्यांनीच जेवताना सांगितलं. “आपल्या बोळातली ती तेलंगी बाई, गेली बरं का कामावरून.” मी ताटात भात वाढत होते. तो वाढून झाला. मग आमटी वाढली.

नवव्या दिवशी दिवेलागणीला राजव्वा धोटा घेऊन आली, ठेवला आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसली. उठेना. आक्का म्हणाल्या, “अगं जा घरी, कोण नेतंय?” ती म्हणाली, “एकदा गेलं की वो.” तिचा नवरा तिला तिथंच भाकरी देऊन गेला. दुसऱ्या दिवशी मालनबाईही पातेल्याजवळ बसल्या. राजव्वा बसते म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी पाच-सहाजणी. पंधरवड्यात खुणा कोणी जुमानीना. माणूस उभं असेल तीच जागा. मग उभ्या माणसालाही ढकलू लागल्या. घागरींना पोचे आले, एकमेकींच्या माहेराचा उद्धार झाला. मी लांब उभी राहून बघत होते. मनात म्हणत होते, आत्ता सांगावं, एका वाक्याचं तर काम आहे — वीट मी हलवली, राजव्वा खरी होती, पुन्हा खुणा लावा. रोज म्हणत होते. एक बाई वाईट निघाली एवढंच त्यांना कळलं असतं, आणि बाकीच्या पुन्हा एकमेकींवर विसंबल्या असत्या. मी गप्प राहिले, म्हणून प्रत्येकीला दुसरी प्रत्येक जण चोर वाटू लागली.

वैशाखात आक्का रेटारेटीत पडल्या. मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं.

मग म्युनिसिपालटीनं नळावर शिपाई बसवला. त्याच्या हातात छडी असायची. तो म्हणेल ती पुढं, तो म्हणेल ती मागं. ज्या बायकांनी आपली ओळ आपण सांभाळली होती, त्यांना तो ‘ए, व्हय बाजूला’ म्हणायचा आणि त्या व्हायच्या. शिपाई ह्यांच्या ओळखीचा निघाला. मला पाहिलं की म्हणायचा, “या वैनी, तुमी या फुडं.” आणि मी जायची.

राजव्वा आणि तिचा नवरा दिवाळीच्या आधी बोळ सोडून गेले.

पण अजून मी खरं सांगितलेलं नाही. इतकं लिहूनही मी कडेकडेनंच चालते आहे. त्या पहाटे ओळीत पुढं आक्कांचा वरवंटा होता, मालनबाईंचं पातेलं होतं, आणखी कितीतरी खुणा होत्या. मग माझा हात धोट्यावरच का गेला? अंधारात हाताला लागला म्हणून? नाही. मी नळाशी उभी राहून एकेक खूण बघितली होती. मालनबाई आकाशपाताळ एक करतील. आक्कांचं सगळ्या ऐकतील. राजव्वा ओरडेल, आणि तिचं कोणाला खरं वाटणार नाही — हे मी मोजून ठरवलं होतं. मी भित्री आहे, लाजाळू आहे, सगळे म्हणतात तेवढी. पण त्या दोन क्षणांत मी अजिबात घाबरले नव्हते.

गेल्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत गेले होते. गड्ड्याच्या मैदानावर बोरांच्या ढिगाशी कोणीतरी माझा हात धरला. राजव्वा. केस पिकले होते. आता घरी बसून विड्या वळते म्हणाली. मला वाटलं, आता ही बोलणार.

“किती वर्सांनी वो ताई,” ती म्हणाली. “मी घरात नेहमी सांगते बगा. नळावर समद्या हसल्या मला, तुमी एकट्या हसला न्हाईत. तुमची वीट कुनी मुद्दाम हलवली आसंल वो. तुमाला काय ठावं? तुमी भोळ्या.”

माणसं धक्के देत जात होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. दहा वर्षं मी ज्या एका वाक्याला घाबरले, ते म्हणायला ह्याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती?

“बऱ्या आहात ना?” मी म्हणाले.

“बरं हाय की,” ती म्हणाली. मग तिनं तिच्या ओच्यातली ओंजळभर बोरं काढून माझ्या पदरात टाकली, आणि गर्दीत गेली.

घर येईपर्यंत मी ती सगळी खाल्ली.