एक नंबर मोठे बूट

ओतशाळेत त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्यानं जन्मात खेळली नव्हती. पण वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलताना समोरचा घामाघूम व्हायचा आणि हा गाणं गुणगुणायचा, म्हणून पैलवान. वाळूचे साचेही करावेत तर त्यानंच.

तिथं एक रीत होती. मोठा साचा ओतायच्या आधी तो करणाऱ्यानं दारूचा पहिला पेला रिकामा करायचा, मग तोच पेला भरत भरत रांगेत फिरायचा. नाही फिरला तर ओतीव काम बिघडतं, असं सगळे मानत. दारूनं भट्टीची आग अंगातून निघून जाते, हे तर तिथल्या भिंतींनाही पाठ होतं. आणि पहिला पेला पोटात गेल्यावर पुढच्यांना आमंत्रण कशाला लागतं? मिसरूड फुटल्यापासून पैलवानाचं हेच चाललं होतं.

पुढं पाय सुजायला लागले. कोणी घाबरलं नाही. भट्टीपुढं उभं राहून पाय फुगतातच, म्हणून तिथले सगळेच बूट एक नंबर मोठे घेत. त्यानंही घेतले. जिना चढताना दम लागला, तर तो धुराचा. पण आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून तो खुर्चीत बसून झोपू लागला, तेव्हा बायकोचं डोकं फिरलं.

"अहो, मी नवरा केला होता की राखणदार? उठा, दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. जुन्या पिशवीसारखं ताणून सैल झालेलं, कसंबसं हलणारं.

"हे दारूनं केलंय."

"बाई, मी कधी गटारात पडलो नाही. कामाला दांडी नाही."

"हृदयाला गटाराशी काय देणंघेणं? बाहेर बाकावर बसलेले पेशंट बघा. ड्रायव्हर आहे, शिपाई आहे, साहेबसुद्धा आहे. जगात कुठंही जा, या दुखण्यात पुरुषच जास्त. आणि प्रत्येक जण सांगतो, मी बेताचीच घेतो." बाईंनी चष्मा काढला. "आता थेंबही नाही. थांबलात तर ते सावरू शकतं. नाही थांबलात तर माझ्या हातात फारसं काही नाही."

दारू सुटताना हात थरथरले, घाम फुटला, ते दिवस त्यानं दवाखान्यातच काढले. हळूहळू सूज उतरली आणि मोठे बूट पायात खडखडू लागले.

कामावर परतला तो जड न उचलण्याच्या अटीवर. मोठ्या चाकाचा साचा त्यानं बसल्या बसल्या केला. मुकादमानं रीतीप्रमाणे पेला पुढं केला.

"नाही."

"अरे, शकुनाचा आहे. ओठाला तरी लाव."

"ओठाला लावूनच इथवर आलोय. ओता तुम्ही. बिघडलं तर माझ्यावर."

ओतलं. थंड झाल्यावर साचा फोडला, तर चाकाची एक कड ढासळलेली! सगळे वाकून बघू लागले. मग तोफ ओरडला. आवाज तसा म्हणून त्याचं नाव तोफ.

"घ्या! म्हटलं नव्हतं? बायकोला घाबरून आमच्या पोटावर पाय आणलास!"

पैलवानानं कडेची वाळू चिमटीत धरून चोळली. "कोरडी राहिली. हात माझा चुकला. त्यात दारू काय करणार?"

"मग आता तरी घे."

"लोखंड परत वितळवता येतं, तोफ. छातीतलं कोण ओतून देणार? तू?"

मुकादम पेला धरूनच उभा होता. पैलवानानं तो घेतला तसा सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानं दारू सरळ मोरीत ओतली, नळाखाली पेला भरला आणि चालत येऊन ते पाणी बेताबेतानं वाळूवर शिंपडलं.

"अरे, तो शकुनाचा पेला आहे!" मुकादमाचा आवाज चिरकला.

"दिसतंय मला. चांगला आहे, हातात नीट बसतो. आजपासून वाळूजवळ राहील. ज्याला रांगेत फिरवायचा असेल त्यानं आधी माझ्या हातातून काढून घ्यावा."

कोणी पुढं आलं नाही. दम लागला होता तरी पैलवान वाळू मळत राहिला. थोड्या वेळानं तोफ जवळ येऊन बसला. बुटाच्या नाड्या त्यानं सैल केल्या. मोज्याच्या कडेचा खोल वळ सुजलेल्या घोट्यावर उमटला होता.

"ती डॉक्टरीणबाई," तोफ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "शिव्या देते का रे?"

"भरपूर."

"मग चालेल. गोड बोलणाऱ्यांवर आपला विश्वास नाही."

"उद्या नेतो तुला. आधी ती ठोकणी उचल आणि वाळू दाब. मला जड काम मना आहे."